‘थोडंसंच चालायचंय’ म्हणजे नेमकं किती?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण घरात साठीच्या पुढचं कोणी असेल आणि त्यांना यंदा कुठं फिरायला पाठवायचा विचार चालू असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्या छावणीत, माझ्या घरापासून चार घरं सोडून एक काका-काकू राहतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. काका ७१ वर्षांचे, दहा वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेला. काकू ६६, गुडघे कुरकुरतात, पण अजून रोज बाजारहाट स्वतः करतात. मुलगी परदेशात. तिनं लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला दोघांना क्रूझचं तिकीट पाठवलं. ग्रीसच्या बाजूला, सात रात्री. जहाज रात्री चालतं, सकाळी एखाद्या बंदराला लागतं, दिवसभर खाली उतरून गाव बघायचं आणि संध्याकाळी परत जहाजावर. खाली उतरून करायच्या या सहली आपण निवडायच्या आणि त्यांचे पैसे वेगळे.

गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, काका एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन दारात उभे. म्हणाले, "तू पत्रकार आहेस ना? तुला बारीक अक्षरं वाचायची सवय. यातली कुठली सहल आम्हाला झेपेल तेवढं सांग."

मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. तीन संध्याकाळी गेल्या.

त्या माहितीपत्रकात प्रत्येक सहलीपुढं एक खूण होती. चालणारा एक माणूस म्हणजे सोपी, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे दमवणारी. दिसायला छान. पण सोपी कोणाला? खूण ठरवणाऱ्याच्या डोळ्यापुढं कुठला माणूस होता? रोज पाच किलोमीटर पळणारा साठीतला गोरा साहेब, की आयुष्यभर ओट्यापुढं उभं राहून गुडघे झिजवलेली आमची काकू? 'मध्यम' हा शब्द तर फारच फसवा. आमच्या वीस वर्षांच्या पुतण्याला मध्यम म्हणजे काहीच नाही, आणि स्टेंटवाल्या माणसाला मध्यम म्हणजे दवाखानासुद्धा असू शकतो.

म्हणून मी विशेषणं बाजूला ठेवली आणि आकडे शोधायला लागलो.

सँटोरिनीचंच उदाहरण घ्या. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पांढरी घरं, निळे घुमट. मोठी जहाजं तिथं धक्क्याला लागत नाहीत, समुद्रात नांगर टाकतात. छोट्या बोटीनं किनाऱ्यावर यायचं. गाव मात्र कड्याच्या माथ्यावर. जुन्या बंदरातून वर जायला तीन रस्ते: केबल कार, खेचरं नाहीतर पायऱ्या. पायऱ्या साडेपाचशेच्या वर आहेत.

साडेपाचशे म्हणजे किती, हे आकडा वाचून कळत नाही. मग मी आमच्या घराच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. एका मजल्याला अठरा. बहुतेक घरांत अठरा ते वीसच्या आसपास असतात, तुम्हीही मोजून बघा. म्हणजे कुठल्याही ठिकाणच्या पायऱ्यांना वीसनं भागलं की मजले निघतात. साडेपाचशे पायऱ्या म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस मजले. काकांना म्हटलं, "सत्तावीस मजले चढणार का?" काका म्हणाले, "वेडा का तू? केबल कार." एका वाक्यात निकाल. 'मध्यम' आणि 'दमवणारी' यांवर आम्ही तासभर बोललो होतो, त्यातून काही निघालं नव्हतं.

आणखी एक माप मला एका डॉक्टर मित्रानं सांगितलं. मोठ्या ऑपरेशनआधी डॉक्टर पेशंटला विचारतात, न थांबता दोन मजले चढता का? चढत असेल तर हृदय आणि फुप्फुसं बऱ्यापैकी काम करताहेत असा अंदाज येतो. फुकटची तपासणी आहे. घरच्या घरी, कोणीतरी सोबत असताना करता येते. दुसरं माप त्याहून सोपं. चालताना माणसाला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करायचा किंवा बसायचं.

पण कागदावरचं माप वेगळं आणि रस्त्यावरचं वेगळं. म्हणून आम्ही ठरवलं, जायच्या आधी एक सरावाची सहल करायची. सराव करायला आपल्याइतकी चांगली जागा जगात कुठं असेल? नगर नाक्यावरून गाडी काढली, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, की दौलताबाद. पुढं घाट चढून खुलताबाद, मग वेरूळ. मंगळवारी वेरूळ बंद, म्हणून रविवार धरला. सकाळी आधी वेरूळ केलं.

कैलास लेण्याच्या अंगणात काकू दीड तास मजेत फिरल्या. सपाट जमिनीवर त्यांना काहीच अडचण नाही. बारा नंबरच्या तीनताल लेण्यात वर चढल्यासुद्धा, दमल्या पण चढल्या. खरी गंमत उतरताना झाली. आतल्या पायऱ्या उंच, कठडा नाही, उजेड कमी. काकू भिंतीला हात लावून, आडव्या होऊन, एकेक पायरी उतरल्या. मला तेव्हा कळलं की चढताना श्वास लागतो आणि उतरताना गुडघा. आपण नेहमी 'किती चढायचंय' एवढंच विचारतो. 'किती उतरायचंय' कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट, उभं राहणं. एका ग्रुपचा गाईड छान माहिती सांगत होता, आम्हीही ऐकत उभे राहिलो. पंधरा मिनिटांनी काकांनी कमरेवर हात ठेवला. अर्धा किलोमीटर चालून त्यांची कंबर दुखली नव्हती, ती एका जागी उभं राहून दुखली. कुठल्याच सहलीच्या पत्रकात 'उभं राहण्याचा वेळ' लिहिलेला नसतो.

तिसरी गोष्ट मला सांगायलाही लाज वाटते, कारण इतकी वर्षं माझ्या लक्षात आली नव्हती. अकराच्या सुमाराला ऊन चढलं, दगड तापला, मी काकूंना पाण्याची बाटली दिली. त्यांनी नुसते ओठ ओले केले. सकाळपासून त्या पाणीच प्यायल्या नव्हत्या. का? तर "तिथं बाथरूम कुठं असेल, कसं असेल, काय माहीत." आपल्या घरातल्या किती बायका प्रवासात असं करतात, एकदा विचारून बघा. मराठवाड्याच्या उन्हात पाणी न पिता चालणं हा खेळ नाही. चक्कर येऊन पडलेल्या बाईला आपण म्हणतो, झेपलं नाही. झेपलं असतं, पण बाथरूमची माहिती कोणी दिली नव्हती.

परतताना दौलताबाद. इथं मात्र चूक माझी आहे.

गेली वीस वर्षं मी बाहेरून आलेल्या पाहुण्यांना सांगत आलोय, "हे काय, अर्ध्या-पाऊण तासात वर." स्वतः शेवटचा बारादरीपर्यंत कधी चढलो होतो ते आठवत नाही. गाईड मंडळी साडेसातशे पायऱ्या सांगतात. वीसनं भागा, जवळजवळ चाळीस मजले. त्याही आपल्या बिल्डिंगसारख्या एकसारख्या नाहीत. कुठं उंच, कुठं झिजलेल्या. हा किल्ला मुळात वर कोणी सहज येऊ नये म्हणूनच बांधलाय ना! तासलेला कडा, खंदक, मग अंधारी. शत्रू दमावा, गोंधळावा, हाच हेतू. आणि आपण तिथं स्टेंटवाल्या माणसाला 'थोडंसंच आहे' म्हणून घेऊन जातो.

चांद मिनारपर्यंत काका खुशीत होते. तोफांच्या गोष्टी सांगत होते. मग चढ लागला. खंदकाच्या अलीकडं माझ्या लक्षात आलं की काका बोलत नाहीयेत. ज्या माणसाचं तोंड छावणीपासून दौलताबादपर्यंत मिटलं नव्हतं, तो गप्प. मी विचारलं, "बसायचं का?" काका म्हणाले, "मला काही झालं नाही." कपाळावर घाम. मी हट्टानं बसवलं. दहा मिनिटांनी रंग परत आला.

आम्ही तिथूनच मागं फिरलो. नंतर विचार करून माझ्या पोटात गोळा आला. आणखी पंधरा मिनिटं रेटलं असतं तर आम्ही अंधारीत असतो. रविवारची गर्दी, मागून पोरांचे लोंढे, काळोख, वटवाघळं. तिथं माणूस गप्प झाला असता तर मला दिसलंही नसतं, आणि उलटं फिरणंही सोपं नसतं.

त्या दिवशी रात्री मी वहीत प्रश्न लिहून काढले. क्रूझच्या सहलीसाठी लिहिले, पण ते कुठल्याही सहलीला लागू पडतात. टूरवाल्याला पैसे भरायच्या आधी विचारा:

१. एकूण पायऱ्या किती? चढायच्या किती, उतरायच्या किती? कठडा आहे का?
२. एका दमात, बसायला जागा नसताना, जास्तीत जास्त किती चालावं लागतं?
३. एका जागी उभं किती वेळ राहायचं? रांग, तिकीट, गाईडचं बोलणं, सगळं धरून.
४. पायाखाली काय आहे? डांबर, फरशी, गोटे, वाळू, ओला दगड?
५. ऊन किती वाजता असेल आणि सावली कुठं आहे?
६. बाथरूम कुठं कुठं आहे? भारतीय की कमोड?
७. बोटीत चढायचं-उतरायचं आहे का? हात द्यायला माणूस असतो का?
८. मधूनच थांबता येतं का? थांबलेल्या माणसाला बसायला जागा कुठं? ग्रुप त्याच रस्त्यानं परत येतो का?

आठवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्या सहलीतून मधूनच बाहेर पडता येतं, ती थोडी अवघड असली तरी चालेल. जिथं एकदा शिरलं की शेवटपर्यंत जावंच लागतं, ती सोपी असली तरी दोनदा विचार करा.

आमच्या काका-काकूंनी या प्रश्नांवर पाचपैकी दोन सहली सोडल्या आणि तीन घेतल्या. दोन उत्तम झाल्या. तिसरी, जिच्यापुढं 'सोपी' अशी खूण होती, तिनं रडवलं. पायऱ्या जवळजवळ नव्हत्या, अंतरही फार नव्हतं. पण जुन्या गावातली गल्ली, पायाखाली गोल गोटे, आणि गाईड पुढं झपाझप. काकू मागं पडल्या. जहाज वेळेवर सुटतं, हे डोक्यात. काका पुढं जाऊन गाईडला थांबवायचे, मग मागं येऊन काकूंना हात द्यायचे. दोन तास हेच. परत आल्यावर काकू मला म्हणाल्या, "गुडघा दुखला त्याचं काही नाही रे. सगळे थांबून माझ्याकडं बघायचे ना, त्याची लाज वाटली."

मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. चुकीची माहिती दिली की म्हातारं माणूस टूरवाल्याला दोष देत नाही. स्वतःलाच देतं. 'आपलं आता वय झालं' म्हणतं आणि पुढच्या वेळी घरातून निघतच नाही.

आता आपल्याकडं वळू. त्या क्रूझवाल्यांनी निदान तीन खुणा तरी केल्या होत्या. आपण काय करतो? मुंबईत बॅलार्ड पिअरला परदेशी जहाजं लागतात, त्यातले प्रवासी दिवसभरासाठी उतरतात आणि त्यातले बरेच घारापुरीला जातात. गेटवेवरून लाँचनं तासभर, मग जेट्टीपासून चालत किंवा छोट्या गाडीनं, मग दुकानांच्या रांगेतून सुमारे १२० पायऱ्या. १२० म्हणजे सहा मजले. हे आधी कळलं तर माणूस ठरवू शकतो, चढू की डोली करू. पण पायऱ्यांपेक्षा हलत्या लाँचमध्ये पाय टाकणं ज्यांना अवघड जातं, त्यांना १२० हा आकडा पुरत नाही. त्यांना बोटीचंही सांगावं लागतं.

आपल्या शहरात हे पाहुणे येतात आणि देशभरातले आजी-आजोबाही येतात. रिक्षावाला म्हणतो, "बस थोडाच है साहब." हॉटेलवाला म्हणतो, "आरामात होतं." मी म्हणतो, "हे काय, अर्धा तास." खोटं कोणीच मुद्दाम बोलत नाही. आपण स्वतःच्या पायांनी दुसऱ्याचा रस्ता मोजतो, एवढंच.

माझी मागणी फार छोटी आहे. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद या वास्तू संरक्षित आहेत, शंभर मीटरच्या आत नवीन बांधकामाला कायद्यानं बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. मी लिफ्ट मागत नाही, रोपवे मागत नाही. मी एक फलक मागतोय. इतिहास सांगणाऱ्या फलकाशेजारी, तिकीट खिडकीच्या आधी, मोठ्या अक्षरात मराठी, हिंदी, इंग्रजीत: इथून अमुक ठिकाणापर्यंत सपाट, पुढं इतक्या पायऱ्या, बसायला जागा इथं आणि इथं, बाथरूम इथं, इथून पुढं मधूनच परतायला सोय नाही. हेच तिकिटाच्या मागं छापा. हेच टूरवाल्यांनी आपल्या पत्रकात टाकावं. याला किती खर्च येणार आहे? एक माणूस, एक वही आणि एक दिवस.

काही जण म्हणतील, आकडे वाचून लोक घाबरतील, येणारच नाहीत. उलट होईल. दौलताबादच्या गेटवर 'चांद मिनारपर्यंत बऱ्यापैकी सपाट' असं लिहिलं, तर गाडीत बसून राहणाऱ्या दहा आज्यांपैकी निम्म्या तरी खाली उतरतील. आज त्या उतरत नाहीत, कारण त्यांना वाटतं किल्ला म्हणजे वरपर्यंतच.

काही जण म्हणतील, आमची आजी पंचाहत्तराव्या वर्षी वारी चालते, हे काय नाजूकपणाचं घेऊन बसलात. बरोबर आहे, चालते. पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा मीही बातमीसाठी चार पावलं चाललोय. पण वारीत काय असतं ते बघा. आज कुठून निघायचं, दुपारचा विसावा कुठं, रात्रीचा मुक्काम कुठं, सगळं आधी माहीत. पाण्याचा टँकर मागं. दिंडी म्हाताऱ्याच्या चालीनं चालते, कोणी मागं पडलं तर हाताला धरणारं माणूस असतं. मी जो फलक मागतोय, तो वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवलाय. पाय थकतात ते वेगळं, पण 'अजून किती राहिलं' हे माहीत नसणं त्याहून जास्त थकवतं.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. काकूंचा पुढचा बेत अजिंठ्याचा आहे. या शहरात पंचेचाळीस वर्षं संसार केला, घरापासून शंभर किलोमीटरवर जगप्रसिद्ध लेणी, आणि एकदाही गेल्या नाहीत. आधी पोरं लहान, मग सासूबाईंचं आजारपण, मग गुडघे. ग्रीस बघून आलेली बाई अजिंठा बघायचा राहिलाय म्हणते. डोलीचं सुचवलं तर म्हणाल्या, "जिवंतपणी खांद्यावर बसून नको, त्याला वेळ आहे अजून." मग विचारलं, "बस सोडते तिथून पहिल्या लेण्यापर्यंत पायऱ्या किती रे? आणि मधे बसायला कुठं आहे?"

मी अजिंठ्यावर किमान पंधरा बातम्या केल्यात. वाघूर नदीचा घोड्याच्या नालेसारखा वळसा, तीस लेणी, १८१९ साली जॉन स्मिथ, १९८३ साली जागतिक वारसा, सगळं पाठ आहे. पायऱ्या किती, ते मला सांगता आलं नाही.

येत्या शनिवारी सकाळी वही घेऊन मोजायला चाललोय. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून त्याआधी. पायऱ्या, बाकडी, सावली, बाथरूम, जोडे कुठं काढायचे, सगळं लिहून इथंच टाकतो. नंतर वेरूळ आणि दौलताबाद. कोणाला यायचं असेल तर या, गाडीत दोन जागा आहेत. बरोबर घरातलं एखादं सत्तरीचं माणूस आणलंत तर फार बरं. मोजायचं आपण, पण झेपतंय की नाही ते त्यांनी सांगायचं.